चित्रकार राजा रविवर्मा व चित्रांची निगा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकामाचे नमुने, स्तोत्रे यांच्या जोडीला दर वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. लेखणी हाती धरायची म्हणजे मला घाम फुटतो. पण या वर्षी मला खरोखरच काही सांगायचे आहे, म्हणून धीर केला. चुकले-माकले तर पोटात घालावे.

आपल्या सभागृहात आद्य अध्यक्षाबाईंचे तैलचित्र आहे. वर्गणी गोळा करून मंडळाने ते त्यांच्या हयातीत मुद्दाम काढून घेतले होते. आता ते काळवंडले आहे. डाव्या कोपऱ्यात रंगाच्या खपल्या धरल्या आहेत. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून त्यावर नवा रंग द्यावा आणि चित्र नवेकोरे करून घ्यावे, असे गेल्या बैठकीत निघाले. मी तेव्हा गप्प राहिले, कारण चार बायकांत उठून बोलणे मला जमत नाही. घरी आल्यावर मात्र रात्रभर डोळा लागला नाही. अशाच एका नव्या रंगापायी आमच्या घरातले एक माणूस आम्हाला दिसेनासे झाले आहे. ती हकीकत शेवटी सांगते. तैलचित्र म्हणजे काय, ते काढायला आणि राखायला काय पडते, हे आधी एका मोठ्या चित्रकाराच्या चरित्रातून पाहू. तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा.

त्यांचे नाव ऐकले नाही असे घर आपल्या मावळात सापडणार नाही. कार्ल्याच्या एकविरेला जाताना आपण ज्या मळवली स्टेशनावर उतरतो, त्याच मळवलीला त्यांचा छापखाना होता. माझ्या आजीच्या देवघरात त्यांची लक्ष्मी होती. कमळावर उभी, चार हातांची, शेजारी हत्ती. आजीने तिच्या साडीच्या काठाला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. लहानपणी मला वाटे, लक्ष्मी अशीच दिसते. पुढे कळले की देवीला हे रूप देणारा हात एका माणसाचा होता, आणि तो माणूस फार दूरच्या मुलखातला होता.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. आज हा भाग केरळात येतो. घराणे राजघराण्याशी सोयरीक असलेले. वडील नीळकंठ भट्टतिरिपाद हे विद्वान ब्राह्मण. आई उमयम्बा ही स्वतः कवयित्री होती. तिने पार्वतीच्या स्वयंवरावर काव्य रचले, आणि तिच्या पश्चात रविवर्मांनी ते छापून प्रसिद्ध केले. आईचे लिहिलेले कागद फडताळात तसेच राहू न देणारा मुलगा किती घरांत असतो?

लहानपणी रविवर्मांना भिंती दिसल्या की चैन पडत नसे. कोळसा घेऊन ते घराच्या भिंतीवर हत्ती, घोडे, माणसे काढीत. दुसऱ्या घरात अशा मुलाला मार बसला असता. त्यांचे मामा राजराजवर्मा हे स्वतः चित्रे काढणारे होते. त्यांनी भिंत खराब झाली म्हणून रागावण्याऐवजी मुलाचा हात पारखला आणि त्याला शिकवायला घेतले. भाचा चौदा वर्षांचा झाल्यावर, १८६२ साली, मामा त्याला तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारात घेऊन गेले. महाराजांना कलेची आवड होती. त्यांनी मुलाला ठेवून घेतले.

तेथे रविवर्मांनी पहिल्यांदा तैलचित्रे पाहिली. आपल्याकडे तोवर भिंतीवर, कागदावर, लाकडी फळीवर पाण्यात किंवा डिंकात कालवलेल्या रंगांनी चित्रे काढीत. तेलरंगाची रीत विलायतेतून आलेली. दरबारात ती येणारे एकच चित्रकार होते, रामस्वामी नायकर. त्यांनी या मुलाची बोटे पाहिली आणि विद्या शिकवण्यास साफ नकार दिला. उद्या हा आपल्या पुढे जाईल, ही भीती. शेवटी नायकरांचाच एक शिष्य, आरुमुगम पिल्लै, गुरूच्या नकळत रात्री येऊन रविवर्मांना ही रीत दाखवू लागला.

पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यासाठी आला. त्यानेही शिकवले नाही. महाराजांच्या शब्दाखातर आपण रंगवीत असताना पाहू मात्र दिले. रविवर्मा उभे राहून पाहत आणि मग आपल्या खोलीत जाऊन तसे करून बघत. सासूने हात धरून न शिकवलेल्या कितीतरी गोष्टी आपण दाराआडून बघून शिकलो आहोत. त्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

एवढे लपवण्यासारखे तेलरंगात होते तरी काय? मला समजले तसे सांगते, कारण पुढे त्याचे काम आहे. लाकडी चौकटीवर जाड कापड ताणून बसवतात. त्यावर सरस लावतात, म्हणजे रंगातले तेल कापडात उतरून ते कुजत नाही. त्यावर पांढऱ्या लेपाचा हात देतात. मग जवसाच्या तेलात घोटलेले रंग. पाण्याचा रंग पाणी उडाले की वाळतो. जवसाचे तेल तसे उडून जात नाही. ते हवेने हळूहळू घट्ट होते आणि आतून पुरते वाळायला महिने लागतात. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा ठेवायचा. उलटे झाले, की वरचा थर आधी वाळून बसतो, खालचा मागून आकसतो आणि चित्राला भेगा पडतात. सगळे वाळले की शेवटी व्हार्निशचा पातळ हात. म्हणजे तैलचित्र एका अंगाचे नसते. कापड, सरस, लेप, रंग आणि व्हार्निश असे पाच पदर त्याला असतात, आणि प्रत्येक पदराचे दुखणे वेगळे असते.

अठराव्या वर्षी, १८६६ साली, रविवर्मांचे लग्न मावेलिक्करा घराण्यातील भागीरथीशी झाले. ती बारा वर्षांची होती. पुढे त्यांना पाच मुले झाली. पण तिकडच्या राजघराण्यांच्या रीतीप्रमाणे ती माहेरीच राहिली. नवरा गावोगाव चित्रे काढीत फिरे, ती मुलांना वाढवीत वाट पाहत असे. १८९१ साली ती वारली. पुढे रविवर्मांनी आपली थोरली मुलगी महाप्रभा हिचे एक चित्र काढले. कडेवर मूल घेऊन ती उभी आहे आणि बाळाला बोट करून दाखवते आहे, की ते बघ, बाबा आले. ते चित्र पाहताना माझ्या मनात नेहमी येते, की हे दृश्य भागीरथीच्या आयुष्यात किती थोड्या वेळा आले असेल.

१८७० साली रविवर्मांनी कोल्लूरच्या मूकाम्बिकेचे दर्शन घेतले आणि चित्रकला हाच धंदा करायचे ठरवले. परतीच्या वाटेवर कालिकतला एका न्यायाधीशाच्या कुटुंबाने त्यांच्याकडून चित्र काढून घेतले. मोल घेऊन काढलेले हे त्यांचे पहिले चित्र. राजघराण्याशी नाते असलेल्या माणसाने पैसे घेऊन काम करावे, हे त्या काळी अनेकांना कमीपणाचे वाटले. रविवर्मांना वाटले नाही. कष्टाचे मोल घ्यायला लाज कसली?

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. पुढे दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतली. महाराजांनी त्यांना वीरशृंखला, म्हणजे मानाचे कडे, दिले. पण १८८० साली महाराज वारले आणि नव्या महाराजांशी त्यांचे जमेना. दरबाराचे दार बंद झाले, की आश्रितावर काय वेळ येते ते सांगायला नको.

त्या वेळी त्यांना हात दिला आपल्या मराठी माणसाने. सर टी. माधवराव हे तंजावरकडचे देशस्थ ब्राह्मण. त्रावणकोरची दिवाणगिरी करून ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले होते. त्यांनी १८८१ साली, सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळण्याच्या सोहळ्यासाठी, रविवर्मांना बडोद्याला बोलावले. रविवर्मा आपला धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा याला घेऊन आले आणि काही महिने राहून त्यांनी राजघराण्यातील माणसांची चित्रे काढली.

खरे मोठे काम आले ते १८८८ साली. उटकमंडला महाराज सयाजीरावांची भेट झाली आणि त्यांनी पुराणांवरील चौदा चित्रे काढण्यास सांगितले. मोबदला ठरला पन्नास हजार रुपये. त्या काळी ही केवढी रक्कम!

असे काम सांगणे म्हणजे दुकानात जाऊन साडी पसंत करणे नव्हे. वस्तू अजून जन्माला यायची असते. कोणता प्रसंग, केवढा आकार, कोणत्या भिंतीवर लागणार, उजेड कोठून येणार, किती दिवसांत हवे, पैसे कसे देणार, हे सगळे आधी ठरवावे लागते. मोल देणाऱ्याने चित्रकारावर विश्वास टाकायचा आणि चित्रकाराने त्या विश्वासाला जागायचे. सयाजीरावांनी घाई केली नाही, आणि रविवर्मांनी वेळ फुकट घालवला नाही. दमयंती कोणत्या तऱ्हेची साडी नेसली असेल, सुभद्रेचे दागिने कसे असतील, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. पुराणात याचे चित्र नाही. म्हणून दोघे भाऊ हिंदुस्थानभर फिरले. बायकांचे पेहराव, दागिने, देवळे, वाडे डोळ्यांत साठवून घेतले. या सगळ्यांतून त्यांनी आपल्या नायिकांसाठी बहुतकरून आपली मराठी धाटणीची साडी निवडली. पुढे साऱ्या देशाच्या देवघरांत लक्ष्मी-सरस्वती साडी नेसून आल्या, त्याचे मूळ येथे आहे.

१८९० सालच्या अखेरीस चौदा चित्रे तयार झाली. नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा अशी ती चित्रे. राजवाड्यात जाण्याआधी ती लोकांना पाहण्यासाठी मांडली, तेव्हा माणसांची रीघ लागली. पुराणिकाच्या तोंडून ऐकलेली माणसे लोकांनी प्रथमच जिवंत वाटावीत अशी डोळ्यांनी पाहिली. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतील स्त्रियांची त्यांची दहा चित्रे गेली आणि त्यांनाही बक्षीस मिळाले.

हे यश एकट्याचे नव्हते. धाकटा भाऊ राजराजवर्मा स्वतः उत्तम चित्रकार होता. चित्रांमागचे डोंगर, झाडे, पाणी पुष्कळदा तो रंगवी, पत्रव्यवहार सांभाळी आणि रोजनिशी लिही. त्या रोजनिशीमुळेच आज या दोघांचे दिवस कसे जात हे जगाला कळते. बहीण मंगलाबाई हीही तेलरंगात चित्रे काढीत असे. तिने भावाचे चित्र काढले आहे. त्या काळी घरात राहून हे करणाऱ्या या बाईचे नाव आपल्या मंडळात तरी घेतले जावे.

आता मळवलीकडे येते. एक तैलचित्र एकाच भिंतीवर लागते, तेही धनिकाच्या. गरिबाने काय करावे? या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी पूर्वीच सुचवले होते. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग नेमका जागेवर बसवायचा. केसभर सरकला, तर देवीचे ओठ गालावर जायचे! वरून व्हार्निश देऊन तैलचित्रासारखी चमक आणीत. त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती अशीच घरोघर गेली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्या झोपडीतही ती गेली. आमच्या आजीसारख्या बायकांनी त्यांना जर-टिकल्यांनी सजवले.

पण धंद्याचे गणित रविवर्मांना जमले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कामे बसली, कर्ज वाढले. १८९९ साली छापखाना मळवलीला आणला, तरी ओढाताण संपेना. अखेर त्यांनी तो आपल्याच जर्मन कारागिराला, फ्रिट्झ श्लायशर याला, विकून टाकला. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही उमेदीच्या काळात या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि पुष्कळ जुनी छापील चित्रे त्यात गेली. म्हणून ज्यांच्या माळ्यावर अजून एखादे जुने चित्र असेल, त्यांनी ते रद्दीत देऊ नये अशी माझी विनंती आहे.

१९०४ साली सरकारने रविवर्मांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्याच सुमारास म्हैसूरच्या महाराजांनी नऊ पौराणिक चित्रांचे काम सांगितले. ते चालू असतानाच, १९०५ च्या जानेवारीत, राजराजवर्मा वारले. उजवा हात गळून पडावा तसे रविवर्मांना झाले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही शब्द दिला म्हणून त्यांनी म्हैसूरची चित्रे पुरी केली. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुढे त्यांची नात सेतू लक्ष्मीबाई हिने १९२४ ते १९३१ या काळात त्रावणकोरचा राज्यकारभार पाहिला.

माणूस गेला, पण चित्रांची कथा येथे संपत नाही. रविवर्मांनंतर जाणकारांची हवा पालटली. ही कला विलायती नक्कल आहे, असे काही मोठे लोक म्हणू लागले. ज्या वस्तूचा मान जातो, तिची निगाही जाते. दमट हवेत कापड सैल पडते, मागच्या बाजूला बुरशी धरते. धुपाचा आणि दिव्याचा धूर व्हार्निशवर बसतो. व्हार्निश स्वतःही वर्षांनी पिवळे, मग तपकिरी होते आणि निळे आकाश हिरवट दिसू लागते. रंगाची पकड सुटून खपल्या निघतात. पुढे १९७९ साली भारत सरकारने रविवर्मांच्या चित्रांना राष्ट्राचा कलाठेवा ठरवले. आता ती देशाबाहेर विकून नेता येत नाहीत. १९९३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. ते मांडणाऱ्यांत रूपिका चावला या एक होत्या. जुनी चित्रे दुरुस्त करणे हेच त्यांचे काम. रविवर्मांच्या कितीतरी चित्रांवर त्यांचा हात फिरला आहे, आणि २०१० साली त्यांनी रविवर्मांवर मोठे पुस्तकही लिहिले. ज्या चित्रकाराने जन्मभर बायकांची चित्रे काढली, त्याच्या चित्रांची शुश्रूषा एका बाईने करावी, हे मला फार गोड वाटते.

शुश्रूषा हाच शब्द बरोबर. जाणता माणूस चित्राला हात लावण्याआधी ते नीट पाहतो. बाजूने तिरपा उजेड टाकतो, म्हणजे कोठे फुगवटा आहे, कोठे खपली सुटली आहे ते कळते. फोटो काढून ठेवतो. सुटलेली खपली आधी जागच्या जागी चिकटवतो. मग काडीला कापूस गुंडाळून, कोपऱ्यातल्या बोटभर जागेवर औषध लावून बघतो. रंग न हलता नुसती काजळीच येते ना, याची खात्री झाली की पुढची बोटभर जागा. अशी दिवसच्या दिवस सफाई चालते. जेथे रंग पुरता गेला आहे तेवढ्याच जागेत नवा रंग भरायचा, आणि तोही असा, की उद्या कोणाला काढायचा झाल्यास खालच्या जुन्या रंगाला धक्का न लावता काढता यावा. चित्रकाराच्या हाताचा जुना रंग कणभर जरी शिल्लक असला, तरी त्यावर आपला रंग चढवायचा नाही. या विद्येचा हा पहिला नियम आहे.

हा नियम आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या माजघरात मामंजींचे तैलचित्र होते. ते तरुणपणीच गेले, मी त्यांना पाहिले नाही. सासूबाई रोज सकाळी त्या चित्रापुढे क्षणभर उभ्या राहत आणि मग चुलीकडे वळत. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मी हौसेने घर झाडले आणि साबणाच्या पाण्यात फडके बुडवून ते चित्र पुसले. फडक्यावर तपकिरी रंग आला. मला वाटले मळ निघतो आहे, म्हणून आणखी घासले. गालावरचा रंग निघाला. घाबरून मी चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळले. त्यावर धूळ बसून ते अधिकच काळे झाले. मग यांनी एका पाट्या रंगवणाऱ्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत सगळा चेहरा नव्याने रंगवून दिला. चित्र लखलखीत झाले. घरातली सगळी खूश झाली.

सासूबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या चित्रापुढे उभ्या राहिनाशा झाल्या. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. त्या रंगाऱ्याने एका अनोळखी माणसाचे डोळे तेथे बसवले होते. त्याचा तरी काय दोष? त्याने मामंजींना पाहिले नव्हते, आणि ज्याने पाहिले होते त्याचे काम त्याने झाकून टाकले होते.

सासूबाई गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका जाणत्या माणसाला आम्ही ते चित्र दाखवले. त्यांनी नव्या रंगाचा भुवईजवळचा बोटभर भाग काढून पाहिला. खाली जुना रंग होता. भुवई आणि डोळ्याचा कोपरा दिसला. आमच्या घरात आजवर सगळे म्हणतात, की माझ्या थोरल्या मुलाचे डोळे आजोबांवर गेले आहेत. ते मला त्या दिवशी पटले. बाकीचे काम हळूहळू, पैसे जमतील तसे चालले आहे. गाल मात्र आता परत यायचा नाही. तो माझ्या फडक्याबरोबर गेला. आणि ज्यांना हे पाहायला हवे होते, त्या पाहायला नाहीत.

म्हणून भगिनींनो, माझे मागणे एवढेच आहे. अध्यक्षाबाईंच्या चित्रावर नवा रंग देऊ नये. ज्या चित्रकारापुढे त्या बसल्या होत्या, त्याने त्यांना डोळ्यांनी पाहून तो रंग लावला आहे. पुन्हा तसे पाहणारा आता कोणी मिळणार नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या जतनाचे केंद्र आहे. तेथे विचारणा करावी. खर्च जास्त आला तर थांबावे. काळवंडलेले चित्र थांबू शकते, पण खरवडलेला रंग माघारी येत नाही.

तोवर आपण घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावावे. भिंत आणि चित्र यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी जागा ठेवावी. त्यावर ऊन येऊ देऊ नये. समई आणि उदबत्ती समोर न ठेवता लांब ठेवावी. हार चित्राला न घालता खालच्या चौरंगावर ठेवावा, कारण ओल्या फुलांचे पाणी रंगात मुरते. पाणी, साबण, तेल, कापलेला बटाटा यांपैकी काहीही चित्राला लावू नये. खपल्या सुटल्या असतील तेथे कोरडा ब्रशसुद्धा फिरवू नये. गळून पडलेला तुकडा मिळाला, तर तो कागदाच्या पुडीत जपून ठेवावा.

आपण बायका जन्मभर घरातल्या वस्तू राखतो. लोणचे वर्षभर टिकवतो, आजीची पैठणी नातीला नेसवतो. राखणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रविवर्मांना विद्या चोरून शिकावी लागली, आणि त्यांनी ती घरोघरी पोचवली. त्यांनी दिले ते सांभाळणे आपल्या हाती आहे.

पुढच्या बैठकीत मी उठून एवढेच बोलेन. तेव्हा मला सांभाळून घ्यावे, ही विनंती. मंडळाची अशीच भरभराट होवो.

— आपलीच एक सभासद भगिनी